दुखणे एकीकडे, मूळ दुसरीकडे

घरातल्या आजोबांची हनुवटी बधिर झाली, तर आपण म्हणतो, "दाताचं काही असेल." बहुधा तसंच असतं. पण क्वचित त्याचं मूळ पार ओटीपोटात निघतं.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्यातला कर्करोग पसरला, की बहुधा कण्यात, कमरेच्या व बरगड्यांच्या हाडांत शिरतो. असे का? १९४० साली ऑस्कर बॅटसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक कारण सुचवले. कण्याभोवतीच्या शिरांना झडपा नसतात. पाटाला दारं नसली, तर पाणी भलतीकडेही वळतं ना? तसंच खोकताना-कुंथताना हे रक्त उलटं वळतं, आणि रोगाच्या पेशी वर जातात. क्वचित त्या जबड्यात, कवटीच्या तळाशी, हातापायांच्या बारीक हाडांतही रुजतात. जबड्यातली नस दबली, की हनुवटी बधिर होते.

म्हणून उतारवयात हाडाचे दुखणे रात्रीही थांबत नसेल, हनुवटी बधिर झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. लघवीचा त्रास असल्यास तोही न लाजता सांगावा. दुखण्याबरोबर पायांतले बळ जाऊ लागले, लघवी तुंबली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. मज्जारज्जू दबत असेल, तर उशिराने पाय कायमचे जातात.

हाडांत गेलेला हा रोग सहसा समूळ जात नाही; पण पुरुषी हार्मोन रोखले, की बहुधा आवरतो. हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. तेव्हा "वय झालं" म्हणून गप्प बसू नका.