‘बीसीपी’चा शेवटचा प्रश्न

पतसंस्थेच्या संगणक खोलीत, मार्चअखेरच्या गडबडीत, मी एकदा ‘नको’ म्हणाले आणि त्या नकारापायी दोन दिवस घालवले.

सभासदांचं टेबल जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायचं होतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी ‘बीसीपी’ आहे, म्हणजे बल्क कॉपी प्रोग्रॅम. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, की चहा निवायच्या आत लाखभर नोंदी फाइलमध्ये. मात्र डेटा कुठल्या रूपात लिहायचा हे आधीच सांगितलं नाही, तर बीसीपी प्रत्येक रकान्यासाठी तीन-चार प्रश्न विचारतं. फाइलमध्ये कुठल्या प्रकारात ठेवू? मजकुराआधी त्याच्या लांबीचा आकडा लिहू का, आणि तो किती बाइटचा? जास्तीत जास्त लांबी किती? रकाना संपल्याची खूण कोणती?

आमच्या टेबलात 23 रकाने होते. एंटर, एंटर, मधेच एखादा बदल, पुन्हा एंटर. सगळं झाल्यावर प्रश्न आला: ही माहिती फाइलमध्ये जपून ठेवू का? नुसतं एंटर दाबलं तरी उत्तर ‘हो’च धरलं जातं. मी मुद्दाम ‘एन’ दाबला. म्हटलं, डेटा तर निघतोय, आणखी एक फाइल कशाला सांभाळा!

सोमवारी ती फाइल भरायला बसले. नोटपॅडमध्ये उघडली तर नावांच्या आजूबाजूला नुसते चौकोन नि चित्रविचित्र खुणा. स्वल्पविराम नाहीत, ओळी तुटलेल्या नाहीत. यंत्राच्या रूपात साधा पूर्णांक 4 बाइटचा, तारीख-वेळ 8 बाइटची; माणसाने वाचावं असं त्यात काही नसतं. कुठे काय संपतं हे माझ्या उत्तरांत होतं, आणि शुक्रवारची उत्तरं सोमवारी कोणाला आठवणार? अंदाजाने भरत गेले. एक आकडा चुकला की पुढचे सगळे रकाने सरकायचे, आणि शेवटी ‘फाइल अनपेक्षितपणे संपली’ अशी तक्रार यायची.

मी नाकारलेली ती फॉरमॅट फाइल म्हणजे साधा मजकूर. पहिल्या ओळीत आवृत्ती (2005च्या सर्व्हरसाठी 9.0, 2008साठी 10.0, नवी फाइल जुन्या बीसीपीला वाचता येत नाही), दुसरीत रकान्यांची संख्या, मग रकान्यामागे एक ओळ. गंमत अशी, की फाइलमधला क्रम आणि टेबलातला क्रम वेगवेगळे लिहिलेले असतात. टेबलाच्या क्रमात 0 घातलं की तो रकाना वगळला जातो. एका शाखेकडून जादा रकान्याची फाइल आली होती, ती मी हात न लावता अशीच भरली. 2005पासून हेच एक्सएमएलमध्येही ठेवता येतं. डेटा न काढता नुसती ही फाइलही बनवता येते, हे मला फार उशिरा कळलं.

मराठी नावांचं दुखणं निराळं. साध्या अक्षरप्रकारात काढली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. युनिकोडचा प्रकारच निवडावा लागतो. तीही निवड याच फाइलमध्ये नोंदलेली असते.

बुधवारी मी अंदाज सोडले, जुना सर्व्हर पुन्हा चालू करून घेतला आणि 23 रकान्यांची उत्तरं पहिल्यापासून दिली. शेवटच्या प्रश्नाला एंटर. बीसीपी प्रत्येक टेबलाला एकच नाव सुचवतं, म्हणून ते खोडून टेबलाचं नाव दिलं आणि दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या.