अवजारांच्या बोल्टसाठी पोलाद कसे निवडावे?



कपाशी निघाल्यावर खानदेशात पऱ्हाट्यांत रोटाव्हेटर फिरतो, उन्हाळ्यात काळ्या जमिनीत पलटी नांगर चालतो. ऐन कामात बोल्ट तुटला आणि त्या मापाचा मिळाला नाही, तर जळगाव किंवा धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर करून घेतला जातो. माप जुळते, पण पोलाद कोणते, हे कोणी विचारत नाही. रोटाव्हेटरचे पाते बोल्ट तुटून उडाले, तर जवळच्या माणसाच्या जिवावर बेतते.

डोक्यावरील आकडे : जुन्या बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८ किंवा १०.९ असा आकडा असल्यास तो प्रथम पाहावा. पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की दर चौरस मि.मी. ला किती न्यूटन ताण पोलाद सोसते ते कळते. १२ मि.मी. चा ४.६ चा बोल्ट सुमारे ३.४ टन ओढीला तुटतो, ८.८ चा सुमारे ६.९ टनांना. दिसायला दोन्ही सारखेच!

पोलादाची निवड :

१) माइल्ड स्टील : कर्ब सुमारे ०.२५ टक्के किंवा कमी. पत्रा, गार्ड अशा हलक्या जागीच वापरावे.

२) ईएन ८ : कर्ब सुमारे ०.४ टक्के. भट्टीत तापवून, पाणी देऊन व पुन्हा योग्य तापमानाला तापवून घेतल्यास लहान जाडीत ८.८ ची ताकद येते. नुसते कातून ती येत नाही.

३) ईएन १९ : यात क्रोमियम व मॉलिब्डेनम असते. 'टी' अवस्थेतील सळई ८५० ते १००० न्यूटन ताकदीची, आधीच पाणी दिलेली मिळते. ८.८ च्या जागी ती सरळ कातून आटे पाडता येतात. नंतर वेल्डिंग करू नये किंवा तापवू नये.

काय टाळावे : टीएमटी सळईची ताकद बाहेरच्या कडक थरात असते. लेथवर तोच थर निघून जातो आणि आतला मऊ गाभा हाती राहतो. जुन्या अ‍ॅक्सलचे पोलाद कोणते, याचा भरवसा नसतो. शिसेमिश्रित ईएन १ए लेथवर लोण्यासारखे कातले जाते, पण जोराच्या कामाला ते उपयोगी नाही.

सळई घेताना कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे. ८.८ साठी तयार बोल्टचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर २२ ते ३२ असावा. तयार प्रमाणित बोल्ट मिळत असेल, तर तोच घ्यावा.

महत्त्वाची सूचना : शिअर बोल्ट मुद्दाम कमी ताकदीचा असतो. दगड किंवा खोड अडले की तो तुटतो आणि गिअर बॉक्स वाचतो. "सारखा तुटतो" म्हणून तिथे कडक बोल्ट बसवू नये. अवजाराच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या दर्जाचाच बसवावा. बोल्ट थोडक्या पैशांत येतो, गिअर बॉक्स हंगाम बुडवतो.