‘आता घरी न्या’ म्हटल्यानंतर

परभणीचा कॅन्सरचा पेशंट देवगिरीने नाहीतर नंदीग्रामने मुंबई गाठतो. परळचं टाटा, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, केमोच्या तारखा. मग एक दिवस ‘आता घरी न्या’ ऐकू येतं आणि माणूस त्याच गाडीने परत येतो. पुढचं सगळं जिंतूर-गंगाखेडकडच्या एखाद्या ओसरीवर घडतं. ते निभावणाऱ्या सिस्टर, आशाताई आणि घरच्यांना शिकवण्याच्या वर्गांत माझी ये-जा असते. तिथल्या गोष्टी सहसा बाहेर येत नाहीत.

वर्गाची सुरुवात नाटुकल्याने होते. एक सिस्टर डॉक्टर होते, दुसरी पेशंटची मुलगी. संवाद कुणालाच लिहून द्यावे लागत नाहीत. ‘डॉक्टर, बापूला काही सांगू नका, खचून जातील,’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. एकदा ‘बापू’ म्हणून खाटेवर आडवी झालेली सिस्टर मध्येच म्हणाली, ‘मला कवाच ठाऊक आहे. पण हिला रडू येईल म्हणून मीच बोलत नाही.’ हे तिच्या वडिलांचं वाक्य होतं, ते जेवणाच्या सुट्टीत कळलं. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा त्या दिवशी वर्ग जास्त शिकला.

दुसरी गोष्ट गंगाखेडकडची. स्तनाच्या कॅन्सरची जखम फुटलेल्या आजीची खाट गोठ्यालगतच्या खोलीत हलवली होती. ‘वास यायलाय, लेकरं जवळ जाईनात,’ सून सांगत होती. तिला दोष कसा देणार? आशाताईने वर्गात दाखवलं होतं तसंच केलं. मीठ घालून उकळलेल्या, गार केलेल्या पाण्याने जखम धुतली. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यात मिळतात त्याच, कुटून त्यांची भुकटी जखमेवर भुरभुरली. वर उकळून उन्हात वाळवलेल्या जुन्या सुती लुगड्याची घडी ठेवली. रोज तेच. काही दिवसांत वास उतरला आणि खाट ओसरीवर आली. कॅन्सर होता तिथेच होता, पण आजी माणसांत आली.

आजार बरा होत नसतानाही पेशंटचा त्रास कमी करण्याची ही विद्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, आपल्याकडे रुजायला माणसं आणि संस्था झिजल्या आहेत. टाटातले सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी 1986 मध्ये वांद्र्याला ‘शांती अवेदना’ उभं केलं, बरं न होणाऱ्या पेशंटसाठीचं देशातलं पहिलं शुश्रूषागृह, म्हणजे हॉस्पिस. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र 1997 पासून मोफत चालतं. तिथे पेशंटसोबत घरचं माणूस राहतं, सेवा शिकतं आणि शक्य तेव्हा पेशंटला घेऊन घरी परततं. मला ही पद्धत सगळ्यात शहाणपणाची वाटते. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर 1994 पासून डॉक्टर-नर्सेसना शिकवते, संशोधनाचं नियतकालिक चालवते. टाटात 2012 मध्ये या विषयाची एमडी सुरू झाली.

तीव्र वेदना थांबवणाऱ्या मॉर्फिनचा किस्सा मात्र दिल्लीतला. नीमच-गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते, आणि तिच्यापासून बनणाऱ्या मॉर्फिनसाठी आपलेच पेशंट तळमळत होते. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर एका औषधासाठी दवाखान्यांना अनेक परवाने गोळा करावे लागत. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. परवान्यांचा हा जाच कमी करणारी कायद्यातली दुरुस्ती लोकसभेत 20 फेब्रुवारी 2014 ला आणि राज्यसभेत दुसऱ्या दिवशी, अगदी अधिवेशन संपता संपता, मंजूर झाली. एक दिवस उशीर झाला असता तर निवडणुकीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तरी आजही वर्गात मॉर्फिनचं नाव काढलं की ‘सवय लागेल’ ही भीती पुढे येते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, वेळेवर आणि सोबत पोट साफ राहण्याचं औषध देऊन वापरलं, तर हेच मॉर्फिन माणसाला रात्रीची झोप परत देतं.

परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी डिग्रीआधी एकदा तरी अशा ओसरीवर जाऊन बसावं. आणि तुमच्या घरी असा पेशंट असेल, तर ‘आता घरी न्या’ ऐकून गप्प उठू नका. दुखणं कुठल्या औषधाने थांबेल, जखम कशी धुवायची, रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा, हे विचारून घ्या. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यायच्या 12 सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअरही आहे. ती हक्काने मागा.