शुश्रूषागृह शोधताना: काही समज आणि वस्तुस्थिती

गेल्या पावसाळ्यात आमच्या कळमेश्वरातील एका निवृत्त गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला, नागपूरच्या रुग्णालयात नऊ दिवस काढून ते घरी परतले, आणि चौघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना ओसरीवर आणले त्या दिवसापासून त्या घराचा सारा दिनक्रम एका खाटेभोवती फिरू लागला. मुलगा औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला, सून अंगणवाडीत, नातू अकरावीत. आणि रुग्णालयाने हाती दिलेल्या कागदाच्या शेवटच्या ओळीत 'घरी योग्य शुश्रूषा' असे तीन शब्द. दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीवाटे पातळ अन्न देणे, लघवीची पिशवी वेळेवर रिकामी करणे, लुळा पडलेला हात दिवसातून तीन वेळा हलविणे, एवढे सगळे त्या तीन शब्दांत सामावलेले असते हे त्या घराला पंधरवड्यातच कळून चुकले. पुढे 'कुठे चांगली सोय बघावी काय' असा प्रश्न निघाला, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि सोयऱ्याधायऱ्यांनी जे जे सांगितले ते कळकळीनेच सांगितले. परंतु त्यातील बरेचसे चुकीचे होते, आणि त्या चुकीच्या माहितीपायी त्या कुटुंबाचे तीन महिने वाया गेले. ते तीन महिने मी जवळून पाहिले आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

पहिला घोटाळा शब्दाचाच आहे. परदेशात 'नर्सिंग होम' म्हटले म्हणजे परावलंबी वृद्धांच्या दीर्घकाळ वास्तव्याची जागा डोळ्यांपुढे येते; आपल्याकडे मात्र त्याच शब्दाने गल्लीतले दहा-पंधरा खाटांचे खासगी इस्पितळ ओळखले जाते, आणि 'वृद्धाश्रम' म्हणजे हिंडत्याफिरत्या वृद्धांच्या निवासभोजनाची सोय. यामुळे होते असे की अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी लोक वृद्धाश्रमाकडे विचारणा करतात, तेथे 'स्वतःचे स्वतः करणारेच आम्ही घेतो' हे उत्तर मिळते, आणि मग अशी सोय कुठेच नाही असे समजून सारे हात टेकतात. वास्तविक शोधायचे असते ते शुश्रूषागृह, म्हणजे निवासाबरोबर परिचर्येची जबाबदारी घेणारी जागा. आपल्या राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा 1949 सालापासून आहे आणि त्यातील व्याख्येत आजार व इजा यांच्या जोडीला 'अशक्तता' हाही शब्द आहे. तेव्हा जेथे अशक्त माणसाला ठेवून घेऊन त्याच्यावर उपचार आणि त्याची परिचर्या केली जाते, ती जागा वृद्धाश्रमाची पाटी लावून या कायद्याबाहेर राहू शकत नाही. नोंदणीचा दाखला दर्शनी भागी लावलेला असला पाहिजे, जागा अर्हताप्राप्त वैद्य किंवा परिचारिका यांच्या देखरेखीखाली असली पाहिजे, आणि परिचारिकांचे प्रमाण योग्य नसेल तर नोंदणी नाकारता येते, अशा तरतुदी त्यात आहेत. 2021 साली सुधारलेल्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लोकांना दिसेल अशी लावणेही बंधनकारक केले. चौकशीला गेल्यावर प्रथम भिंतीकडे पाहावे, ते याकरिता.

दुसरा समज अधिक खोल आहे आणि तो माहितीचा नसून लज्जेचा आहे: वृद्धाला बाहेर ठेवणे ही परकी, अलीकडची, कृतघ्न रीत होय. सुनेने हा प्रश्न तोंडातून काढला म्हणून तिला जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही. पण आपल्याच नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी 1921 साली मातृसेवा संघाची स्थापना केली, आणि ज्या संस्थेने प्रसूतिगृहांपासून आरंभ केला तीच पुढे 'पंचवटी' हा वृद्धाश्रम चालवू लागली. जन्माच्या वेळची परिचर्या आणि उतारवयातली परिचर्या या एकाच सेवेच्या दोन बाजू आहेत, हे त्या बाईंना कोणी परदेशातून येऊन सांगितले नव्हते. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या नावाचे अनाथ पंगुगृह एकोणिसाव्या शतकापासून आहे, आज लोक त्याला 'निवारा' म्हणून ओळखतात. राज्य शासनाची वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना 1963 सालची आहे. रात्रपाळी करून आलेल्या मुलाने डुलक्या घेत नळीतून पेज घातली आणि ती श्वासनलिकेत गेली, तर ते घरी घडले एवढ्याने ती सेवा ठरत नाही. ज्याला घरी ठेवणे साधते त्याने अवश्य ठेवावे. ज्याला साधत नाही त्याच्या माथी पातक मारू नये.

आता ज्या गैरसमजाने सर्वांत अधिक नुकसान होते त्याकडे वळतो. 'नोंदणीकृत संस्था आहे, म्हणजे चांगलीच असणार,' असे आपण सहज म्हणतो. परंतु कोणत्या दप्तरातील नोंदणी, हे कोणी विचारीत नाही. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी विश्वस्तव्यवस्थेची असते. तिथे संस्थेचे हिशेब आणि विश्वस्तांची नावे पाहिली जातात, रुग्णाची पाठ नव्हे. अमेरिकेत 2008 सालापासून सरकारच शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे देते आणि तपासणीचे अहवाल कोणालाही वाचता येतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. वृद्धसेवेच्या सर्व गृहांची नोंदणी व किमान दर्जा ठरविणारे एक दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. तसा कायदा होईतोवर तपासनीसाचे काम नातेवाइकांनाच करावे लागणार, आणि ते जमण्याजोगे आहे, कारण पाहायच्या खुणा साध्या आहेत.

गुरुजींच्या मुलाबरोबर मी नागपूरच्या परिसरातील एका गृहात गेलो होतो; नाव सांगण्याचे कारण नाही. सकाळी अकराला स्वागतकक्षात फुले होती, फरशी चकचकीत होती, चहा आला. आम्ही परतलो, आणि दोन दिवसांनी न कळविता सायंकाळी सातला पुन्हा गेलो. चौदा खाटांच्या त्या दालनात एक आयाबाई एकटी, हातात वाटी-चमचा घेऊन या खाटेवरून त्या खाटेवर धावत होती. पाण्याचे पेले होते, परंतु भिंतीलगतच्या फळीवर, आडव्या माणसाचा हात पोहोचणार नाही इतके दूर. एका आजोबांचे मनगट ओढणीच्या तुकड्याने खाटेला बांधलेले होते. उशाशी कूस बदलल्याच्या वेळा लिहिण्याचा तक्ता टांगलेला होता, आणि त्यावर रात्री दहापर्यंतच्या सह्या सायंकाळी सातलाच झालेल्या होत्या. आयाबाई म्हणाली, "भाऊ, सांजच्या वेळी इकडं कोणी येत नाही पाहाले." त्या बाईला मी दोष देत नाही, चौदा माणसांना एकटीने भरवायला लावणाऱ्या व्यवस्थेला देतो.

म्हणून भेट द्यावी ती जेवणाच्या वेळी, रविवारी, सायंकाळी. आणि एकदा नव्हे. आधीपासून राहत असलेल्या माणसाची टाच आणि माकडहाड पाहण्याची परवानगी त्याच्या नातेवाइकाकडून मागावी, कारण शय्याव्रण प्रथम तेथेच उमटतो, आणि दाबल्यावर पांढरी न होणारी तांबडी जागा ही त्याची पहिली पायरी असते. रात्री कोण असते, किती खाटांमागे किती माणसे, त्यांतील नोंदणीकृत परिचारिका किती आणि नुसत्या आया किती, हे आकड्यांत विचारावे. ताप आला तर कोणत्या रुग्णालयात नेणार, वैद्य कितव्या दिवशी येतात, अनामत कोणत्या अटीवर परत मिळेल, हे करारनाम्यात लिहून घ्यावे. ज्या गृहात भेटीच्या वेळा फार आखडत्या असतात तेथे मी तरी माझे माणूस ठेवणार नाही.

खर्चाविषयीचा गैरसमज थोडक्यात. 2024 च्या ऑक्टोबरपासून 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान योजनेखाली वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते हे खरे. पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. शुश्रूषागृहातील महिनोन्‌महिन्यांच्या वास्तव्याचा खर्च त्यातून निघत नाही, आणि बहुतेक खासगी विमापत्रांतूनही नाही. निराधार वृद्धांसाठीचे श्रावणबाळ योजनेचे मासिक 1500 रुपये तहसील कचेरीतून मिळतात. त्यात औषधाला हातभार लागेल, परिचर्येचा खर्च भागणार नाही.

कायद्याविषयी तर जितकी तोंडे तितकी मते. 'म्हातारपणी मुलगा विचारीत नसेल तर कोर्टकचेरी आली, वकील आला, आणि निकाल लागेपर्यंत माणूस राहत नाही,' हे मी अनेकदा ऐकले आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा 2007 चा अधिनियम हा नेमका याच भीतीवर उपाय म्हणून झाला. त्याखाली अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात करायचा, आणि कळमेश्वर तालुक्याकरिता ते दप्तर सावनेरला आहे. वकील देण्याची गरजच नाही, कायद्यानेच तेथे वकिलाला मज्जाव केला आहे. अर्जदार स्वतः असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो, अपवाद म्हणून आणखी 30 दिवस. जबाबदारी एकट्या मुलावर नाही. मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्यावरही आहे, आणि अपत्य नसलेल्याच्या बाबतीत त्याच्या मिळकतीचा ज्याला वारसा मिळणार त्या नातेवाइकावर. रकमेची कमाल मर्यादा मात्र महिना 10,000 रुपये आहे, आणि चांगल्या शुश्रूषागृहाचा खर्च सहसा त्याहून अधिक असतो. ही उणीव मान्यच केली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात सरकारी वृद्धाश्रम मिळणे हा हक्क आहे असेही लोक समजतात. कायद्याने राज्य शासनाला तशी मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही.

याच अधिनियमातील मिळकतीबाबतची तरतूद प्रत्येक घराने माहीत करून घ्यावी अशी आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा शेत नावे करून दिले आणि नंतर सांभाळले नाही, तर 23व्या कलमान्वये ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. परंतु अट असल्याचे दिसले पाहिजे, नुसते 'तो सांभाळीलच' हे मनातले गृहीत पुरत नाही. आपल्या भागातली संत्र्याची बाग लेकाच्या नावे करणाऱ्या कित्येक आई-वडिलांनी बक्षीसपत्रात ती एक ओळ घातलेली नसते. ती लिहून घ्यायला संकोच वाटतो हे मला कळते, तरीही ती लिहावी.

शेवटचा समज असा की विचारायला जागाच नाही. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा निःशुल्क दूरध्वनी रोज सकाळी 8 ते रात्री 8 चालू असतो. महाराष्ट्रात तो पुण्याचे जनसेवा फाउंडेशन चालविते, आणि त्यावर केवळ तक्रारच करावी लागते असे नाही, वृद्धाश्रम, शुश्रूषा, निवृत्तिवेतन, कायदा यांची माहितीही मिळते. पैसे घेऊन कबूल केलेली सेवा दिली गेली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे फिर्याद करता येते; ग्राहकांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक 1915. जिल्हा समाजकल्याण कार्यालयालाही विचारता येते. गुरुजींच्या घरात या तिन्हींपैकी एकही गोष्ट पहिले दोन महिने कोणाला ठाऊक नव्हती, आणि त्या दोन महिन्यांत त्यांच्या डाव्या टाचेवर रुपयाएवढी जखम झाली होती.

ती भरून यायला अकरा आठवडे लागले. सध्या ते नागपूरच्या बाजूला, आठच खाटांच्या एका साध्या जागी आहेत. फुले नाहीत, पण पाण्याचा पेला उजव्या हाताशी असतो. मुलगा पाळी संपवून, आठवड्यातून दोनदा, वेळ न ठरविता तेथे जातो. गेल्यावर आधी चादर वर करून दोन्ही टाचा पाहतो, अंगठ्याने हलकेच दाबतो, आणि मग खुर्ची ओढून बोलायला बसतो.