सिंदखेडराजाचा शेषशायी

सिंदखेडराजा म्हटलं की जिजाऊ आठवतात. दर १२ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, गाव माणसांनी फुलून जातं. पण जिजाऊंच्या माहेरच्या जाधवरावांच्या आधीही इथे एक श्रीमंत गाव नांदत होतं. त्याचा देखणा पुरावा जून २०२४मध्ये जमिनीतून वर आला. लखुजीराजे जाधवरावांच्या समाधीची डागडुजी चालू असताना पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाला काही दगड वेगळे वाटले. खणल्यावर जुन्या देवळाच्या सभामंडपाची फरशी लागली. सव्वादोन मीटर खोलीवर आधी लक्ष्मी दिसली, मग अख्खा शेषशायी विष्णू.

मूर्ती १.७० मीटर लांब, एक मीटर उंच. मेहकरचा शारंगधर आणि लोणारचा दैत्यसूदन हे विष्णू उभे आहेत; हा मात्र शेषावर निवांत पहुडलेला, पायाशी लक्ष्मी चरण चेपते आहे. खालच्या पट्टीत समुद्रमंथन, त्यातून निघालेली अश्व, ऐरावत ही रत्नंही ओळखू येतात. वर निजण्याचा समुद्र, खाली घुसळण्याचा!

खरी गोम आहे दगडात. सिंदखेडराजा ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, तिथली जमीन काळ्या पत्थराची, म्हणजे बसाल्टची. तो टणक असल्याने बारीक नक्षीला सहजी दाद देत नाही. मराठवाड्यात शेषशायी घडले ते याच पत्थरात. सिंदखेडची मूर्ती क्लोराइट शिस्टची आहे. बेलूर-हळेबीडच्या होयसळ शिल्पकारांनी ज्या मऊ दगडात दागिन्यांचा मणी न् मणी कोरला, त्याच जातीचा हा दगड. म्हणजे दगड तरी लांबून आला, नाहीतर घडलेली मूर्ती. दोन्हींना पैसा लागतो, वाटा लागतात आणि जाणकार यजमानही.

रोममध्येही पहुडलेले देव असेच जमिनीतून निघाले. १५१२मध्ये टायबर नदीचा देव सापडला, पुढच्याच वर्षी नाईलचा. दोघेही संगमरवरी, कोपरावर रेललेले, आयसिस देवीच्या एकाच देवळातले. नाईलच्या अंगाखांद्यावर १६ मुलं खेळतात. पुराचं पाणी १६ हात चढावं, ही त्यामागची कल्पना. नेपोलियनच्या काळात दोघांनाही पॅरिसला नेलं. नाईल रोमला परतला आणि आज व्हॅटिकनमध्ये आहे; टायबर लूव्रमध्येच राहिला. जोडी फुटली ती फुटलीच.

म्हणून शेषशायीला सिंदखेडराजातच, त्याच्या फरशीजवळ, नीट छप्पर आणि राखण मिळायला हवी. मोठ्या शहरातल्या दालनात तो सुंदर मूर्ती म्हणून पाहिला जाईल. इथे मात्र लखुजीराजांच्या आधीचं गाव तो स्वतः दाखवील.