विहिरीतील तांबडा थर : लाव्ह्याखाली गाडलेली जुनी जमीन

काळा पाषाण फोडून विहीर खाली नेताना मध्येच विटकरी रंगाचा मऊ थर लागल्याचे आपण पाहिले असेल. वर खडक, खाली खडक आणि मध्ये माती, हे कसे घडले? हा थर नीट ओळखला तर विहिरीवरील वायफळ खर्च टळतो.

थर कसा तयार झाला?

दख्खनचे पठार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून आलेल्या लाव्हारसाने बनले. हा रस एकदम आला नाही, टप्प्याटप्प्याने एकावर एक पसरला. दोन उद्रेकांमध्ये जेथे मोठी उसंत मिळाली, तेथे उघडा खडक ऊन-पावसाने कुजला. त्यातील लोहामुळे तांबडा रंग आला व इतर खनिजांपासून चिकणमाती बनली. पुढचा लाव्हा आला आणि ही जमीन गाडली गेली. भूशास्त्रात या थरास ‘बोल’ म्हणतात. त्याची जाडी काही सेंटिमीटरपासून एक-दोन मीटरपर्यंत आढळते. महाबळेश्वर परिसरातील घाटरस्त्यांच्या कडेला असे थर स्पष्ट दिसतात.

कसा ओळखावा?

जुन्या जमिनीची वरची कड रेघ मारल्यासारखी असते. खाली मात्र माती हळूहळू मुरुमात व मुरूम खडकात मिसळत जातो, अगदी आपल्या शेतातल्याप्रमाणे. सर्वच तांबडे थर अशा जमिनीचे नसतात. काहींत ज्वालामुखीची राखही असते. या थरांतील झिरकॉन खनिजाच्या कणांवरून लाव्ह्याच्या थरांचे वय ठरविणारे संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे हा थर उद्रेकांमधील उसंतीची आणि त्या काळच्या हवापाण्याची नोंदवहीच आहे.

विहिरीसाठी महत्त्वाचे

१) चिकणमातीमुळे या थरातून पाणी सहज झिरपत नाही. पाणी बहुधा वरच्या कुजलेल्या, भेगाळलेल्या खडकात साठते. म्हणून केवळ तांबडी माती लागली यावरून खाली भरपूर पाणी लागेल असे समजू नये.

२) थर ओला-कोरडा होऊन फुगतो, भुगा होऊन ढासळतो व वरचा खडक निराधार होतो. तेवढ्या भागास बांधकाम करून घ्यावे. बोअरमध्ये तेथे केसिंग पाइप टाकावा.

३) ही माती रंगाने चांगली दिसली तरी तीत सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतात. ती शेतात पसरू नये.

खोदाई चालू असताना प्रत्येक थराची खोली व रंग वहीत लिहून ठेवावा. पुढे विहीर खोल करताना किंवा शेजारी नवी विहीर घेताना ही नोंद निश्चित उपयोगी पडेल.