जुनापाणीची शिलावर्तुळे

नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणीच्या माळावर काळ्या दगडांची वर्तुळे पसरलेली दिसतात. या परिसरात अशी सुमारे तीनशे वर्तुळे नोंदली गेली आहेत. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 मध्ये इथे खोदकाम केले. लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याचे लगाम असा बराच ऐवज निघाला आणि तेव्हापासून बोलणे बहुतेक त्या ऐवजाचेच होत राहिले. मला मात्र वाटते, या कबरींत सर्वांत जास्त सांगण्यासारखे काही असेल तर ती त्यांची बांधणी.

बांधकाम दिसते तितके सोपे नाही. आधी मोठमोठ्या शिळांचे कडे रचायचे. आत मृताच्या अस्थी, बहुधा निवडक हाडेच, मातीच्या भांड्यांसोबत आणि हत्यारांसोबत ठेवायची. मग त्यावर चिकण माती आणि दगडगोटे यांचा भराव घालायचा. बाहेरच्या शिळा हा भराव आवळून धरतात, म्हणूनच पावसाळ्यांमागून पावसाळे गेले तरी ढिगारा पसरला नाही. काही शिळांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत.

तुलनेसाठी आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजची कबर पाहा. ती याहून फार जुनी, सुमारे इ. स. पू. 3200 ची, म्हणजे नवाश्मयुगातली. तिथे दगडी बोळ आहे, आत दालन आहे आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास उगवतीचे ऊन थेट त्या दालनात पोचते. जुनापाणीला आत शिरायला वाटच नाही. एकदा भराव पडला की कबर मिटली. विदर्भातली ही माणसे इ. स. पू. पहिल्या सहस्रकातली, लोहयुगातली. दोन्हीकडे दगड आहे, पण मृताशी जिवंतांचे नाते दोन्हीकडे निराळे असावे.

बांधणीवरून आणखी एक प्रश्न पडतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंदे घराण्याच्या स्मारक-छत्र्या आहेत. तिथला कोरीव वालुकाश्म दरबाराच्या खजिन्यातून उभा राहिला. जुनापाणीच्या अनघड शिळांमागे कोणाचे बळ होते? एक शिळा जागेवर आणायलाही अनेक हात लागतात. वर्तुळे लहानमोठी आहेत, आतला ऐवजही कमीजास्त आहे. तेव्हा कुणासाठी किती हात जमायचे, हे त्या समाजात ठरलेले असणार.

हा समाज समजायला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या कामाचा फार उपयोग झाला. टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथे त्यांनी नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केले. माहुरझरीला घोड्याचे अवशेष मिळाले, त्याच्या साजाचे तांब्याचे अलंकार मिळाले, कार्नेलियनचे मणीही मिळाले. पुढे पेंच नदीकाठच्या नायकुंडला देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली, वळणदार मातीच्या विटांची, भात्याच्या नळ्यांसकट. कबरीत कुऱ्हाड ठेवणारे लोक लोखंड स्वतः गाळणारेही होते, याचा हा पुरावा.

पण कुणासाठी किती हात जमले, हे ऐवजापेक्षा शिळांचे कडेच सांगते. म्हणूनच शिळा हलवली जाते तेव्हा जीव तुटतो. नागपूर झपाट्याने वाढते आहे आणि शेताच्या बांधाला, पायाच्या भरावाला असा मोठा दगड आयता मिळतो. उचललेली कुऱ्हाड निदान संग्रहालयात जपता येते. कडे एकदा मोडले, की कोणती शिळा कोणत्या शिळेच्या शेजारी होती, खळग्यांची ओळ कुठल्या दिशेला होती, भराव कुठून घातला होता, हे पुन्हा कळायला मार्ग उरत नाही. जुनापाणीला कायद्याचे संरक्षण आहे. पण विदर्भात अशी पुष्कळ वर्तुळे खासगी शेतांत आहेत. त्यांचे मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे नांगर फिरण्याआधीच व्हायला हवीत.